सूप दाट करायला दर वेळी कॉर्नफ्लोरच कशाला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत सूपच्या पाककृती येऊ लागतात आणि माझ्यासारखे अनेक वाचक त्या कापून ठेवतात. यंदाही टोमॅटो, पालक, दुधी, लाल भोपळा, मशरूम अशा बऱ्याच सूपना त्या पानावर जागा मिळाली. त्या वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. भाजी कोणतीही असो, पाककृतीची शेवटची ओळ जवळजवळ सगळीकडे एकच आहे : सूप पातळ वाटल्यास दोन चमचे कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून घालावे. चमचा चहाचा की पोह्यांचा, पाणी गार की गरम, हे दोन चमचे किती सूपसाठी, घातल्यावर ते किती वेळ उकळायचे आणि मुळात सूप पातळ झालेच का, यांपैकी कशाचाही उल्लेख त्या ओळीत नसतो. मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवले असल्यामुळे या अर्धवट ओळीतून घराघरांत काय काय घडते याची मला चांगली कल्पना आहे. कुणाच्या सूपमध्ये साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गुठळ्या तरंगतात, कुणाचे सूप ताटलीत थरथरण्याइतके घट्ट होते, तर कुणी पीठ वाढवत राहते आणि शेवटी टोमॅटोच्या चवीऐवजी जिभेवर नुसता पिठाचा लेप उरतो.

माझे म्हणणे असे आहे की घरचे सूप पातळ होण्याचे कारण बहुतेक वेळा पाण्याच्या हिशेबात किंवा भाजी शिजवण्याच्या क्रमात असते, ते तेथेच दुरुस्त करता येते आणि त्यानंतरही दाटपणा हवाच असेल तर तो देणारे कितीतरी जिन्नस आपल्या फडताळात पूर्वीपासून आहेत. कॉर्नफ्लोर हा त्यांपैकी एक पर्याय आहे. काही सूपना तो उत्तम शोभतो, परंतु सगळ्यांना नाही.

आधी पाण्याचे बोलू. टोमॅटोमध्ये सुमारे 94 ते 95 टक्के पाणीच असते आणि दुधीमध्ये ते 96 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे अर्धा किलो टोमॅटो घेतले तर त्यांच्याबरोबर जवळजवळ 470 मिलिलिटर पाणी आपोआप भांड्यात येते. हे लक्षात न घेता आपण त्यात आणखी दोन वाट्या पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या काढतो. उघड्या पातेल्यात भाजी शिजते तेव्हा बरेच पाणी वाफ होऊन निघून जाते. कुकरमध्ये झाकण घट्ट असल्याने त्यातले फारच थोडे कमी होते. पातेल्यासाठी लिहिलेली पाककृती पाण्याचे तेच प्रमाण ठेवून कुकरमध्ये केली की सूप पातळ होणारच. यावर उपाय इतका सोपा आहे की तो छापायला एक ओळही पुरे. कुकरच्या तळाशी नेहमीप्रमाणे पाणी ठेवावे, पण भाजीच्या डब्यात एक थेंबही पाणी घालू नये. भाजी शिजल्यावर डब्यात सुटलेले पाणी एका वाटीत ओतून बाजूला ठेवावे, उरलेला गर मिक्सरमधून काढावा आणि मग ते वाटीतले पाणी बेताबेताने परत मिसळत हवा तेवढा पातळपणा आणावा. पातळ झालेले दाट करत बसण्यापेक्षा दाट असलेले पातळ करणे कितीतरी सोपे आहे, शिवाय भाजीचा एकही अंश वाया जात नाही.

दुसरे कारण गाळणीचे. भाजी वाटून झाल्यावर चहाच्या गाळणीसारख्या बारीक जाळीतून सूप गाळण्याची पद्धत रूढ झाली आहे. सूपला दाटपणा देणारा गर या जाळीत अडकतो, खाली नुसते रंगीत पाणी उतरते, आणि मग चोथा टाकून देऊन त्या पाण्याला दाट करण्यासाठी आपण पिठाचा डबा उघडतो. टोमॅटोची साल आणि बिया नको असतील तर आपल्या प्रत्येक घरात त्यासाठी पुरणयंत्र आहे. मोठ्या भोकांच्या चकतीतून शिजलेले टोमॅटो फिरवले तर साल वर राहते, गर सगळा खाली येतो, आणि तो मिक्सरमधल्यासारखा फेसाळत नाही. बिया थोड्याफार येतात, पण त्या कुणाला बाधत नाहीत. दुधी, भोपळा, गाजर यांच्या सूपला तर गाळणीची गरजच नाही.

टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला पाककृतींच्या पानावर आजवर वाचायला मिळालेला नाही. टोमॅटोच्या रसाचा दाटपणा त्यातल्या पेक्टिनवर अवलंबून असतो. पेरूच्या जेलीला घट्टपणा देणारे पेक्टिन ते हेच. टोमॅटो कच्चा असताना चिरडला किंवा मिक्सरमधून काढला की त्यातले काही एन्झाइम, म्हणजे पदार्थांत बदल घडवून आणणारी प्रथिने, मोकळे होतात आणि पेक्टिनचे तुकडे करू लागतात. वाटलेला कच्चा रस ओट्यावर जितका वेळ पडून राहील तितका तो पातळ होत जातो आणि त्यावर पाणी सुटून येते. उष्णतेने हे एन्झाइम निकामी होतात. म्हणूनच ज्या कारखान्यांना दाट रस हवा असतो तेथे टोमॅटो चिरडताक्षणी 85 ते 90 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवतात. घरी आपल्याला हेच साधायचे असेल तर क्रम उलटा करावा लागतो : टोमॅटोच्या मोठ्या फोडी करून त्या लगेच तापलेल्या पातेल्यात किंवा वाफेवर टाकाव्यात, पूर्ण शिजू द्याव्यात आणि त्यानंतरच वाटाव्यात. सकाळी कच्चे टोमॅटो वाटून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि संध्याकाळी त्याचे सूप करायचे, ही सोय नोकरी करणाऱ्या घरांत फार आढळते. तीच सोय हवी असेल तर टोमॅटो आधी शिजवून, वाटून, मग गार करून ठेवावेत. वेळ तेवढाच लागतो आणि दाटपणा टिकतो.

एवढे करूनही सूप पातळ वाटले तर पहिला उपाय आटवण्याचा. त्याला कसलाही जिन्नस लागत नाही, रुंद तोंडाचे पातेले मात्र हवे. उंच आणि अरुंद भांड्यात सूप तासभर रटरटले तरी फारसे आटत नाही. पसरट पातेल्यात ते झाकण न ठेवता उकळले की पंधरा-वीस मिनिटांत फरक दिसतो. आटवायचे असेल तर मीठ अगदी शेवटी घालावे, कारण पाणी उडते, मीठ तेवढेच राहते. टोमॅटोचा आंबटपणाही आटल्यावर तीव्र होतो, त्यामुळे हा उपाय दुधी-गाजरासारख्या गोडसर भाज्यांना जास्त मानवतो. पालकाच्या सूपला तो अजिबात वापरू नये. जास्त वेळ उकळल्याने पालकाचा हिरवा रंग जाऊन तो मातकट होतो.

यानंतर येतात आपले घरचे पिठाचे उपाय. येथे मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण हा सगळा वारसा डोळ्यांसमोर असताना आपण तो विसरत चाललो आहोत. अळूची पातळ भाजी, ताकातला पालक, कढी, आंबट चुका या सगळ्यांना आपल्या आया-आज्यांनी डाळीचे पीठ लावून दाटपणा दिला. यालाच आळण लावणे म्हणतात. ते लावण्याची रीत ठरलेली होती. वाटीत दोन चमचे डाळीचे पीठ घ्यायचे, त्यात आधी अगदी थोडे गार पाणी घालून बोटांनी घट्टसर कालवायचे, गुठळी बोटाला लागली की ती वाटीच्या कडेला दाबून फोडायची, आणि पीठ मऊसूत झाल्यावरच आणखी पाणी घालून ते सैल करायचे. एकदम भरपूर पाणी घातले तर गुठळ्या पाण्यात निसटत राहतात आणि फुटत नाहीत. घट्ट पिठात मात्र त्या चिरडल्या जातात. हे सैल केलेले पीठ उकळत्या भाजीत एका हाताने बारीक धारेने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहायचे. मग मंद आचेवर पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत शिजवायचे. पालकाच्या सूपला हीच रीत जशीच्या तशी लागू पडते. पीठ आधी चमचाभर तेलावर किंवा तुपावर खमंग भाजून घेतले तर कच्च्या वासाची भीती आणखी कमी होते. भाजलेले पीठ थोडे कमी दाटपणा देते, म्हणून ते किंचित जास्त घ्यावे लागते. ताक किंवा दही घातलेल्या सूपमध्ये या पिठाचा दुसराही उपयोग होतो, तो म्हणजे तापवताना दही फाटत नाही.

देशावर हुलग्याचे माडगे करतात, कोकणात कुळथाची पिठी करतात. दोन्हींचे धान्य एकच, आणि दोन्हींत पाण्याला अंग येते ते भाजलेल्या पिठामुळे. हुलग्याचे शेंगोळे करताना मळलेल्या पिठातला छोटा गोळा बाजूला काढून पाण्यात कालवतात आणि रश्शात सोडतात, म्हणजे रस्सा मिळून येतो आणि त्याला वेगळी चव न येता त्याच पदार्थाची चव वाढते. सूपच्या बाबतीत मला हेच तत्त्व फार महत्त्वाचे वाटते. दाटपणा शक्यतो त्या सूपच्याच घटकांतून यावा. मक्याचे सूप असेल तर उकडलेल्या दाण्यांपैकी तिसरा हिस्सा वाटून परत घालावा, मटारचे असेल तर मूठभर मटार वाटावेत, मशरूमचे असेल तर परतलेल्या मशरूमचा काही भाग. बाहेरून काहीच आणावे लागत नाही.

डाळीचा उपाय मला सर्वांत जवळचा आहे. टोमॅटो किंवा दुधी शिजवतानाच डब्यात दोन मोठे चमचे पिवळी मूगडाळ धुऊन टाकावी आणि डाळीपुरते चार चमचे पाणी घालावे. तीन-चार जणांच्या सूपला एवढी डाळ पुरते. तिच्यातल्या पिष्टाने, म्हणजे स्टार्चने, सूपला दाटपणा येतो, गर आणि पाणी वेगळे होत नाहीत, आणि प्रथिनेही मिळतात; कॉर्नफ्लोरमध्ये प्रथिने जवळजवळ नसतातच. आजारी माणसाला मुगाचे कढण देण्याची आपली पद्धत यापेक्षा फार निराळी नाही. मसुराची डाळही चालते, ती लवकर गळते आणि टोमॅटोच्या लाल रंगाला धक्का लावत नाही. तुरीची डाळ घातली तर मात्र जिभेला आमटीची आठवण होते, म्हणून ती मी टाळते.

भाताचा उपयोगही तसाच. वाटीभर मऊ भात वाटून घातला की चार वाट्या सूप छान मिळून येते आणि चवीत कसलाही फरक पडत नाही. कोकणातली पेज ज्यांनी प्यायली आहे त्यांना भाताच्या या गुणाबद्दल वेगळे सांगायला नको. भात रात्रभर ओट्यावर राहिलेला नसावा, फ्रिजमधला असावा, एवढी काळजी घ्यावी. उघड्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. बटाटा घालायचा तर तो उकडून पुरणयंत्रातून किंवा रवीने घोटून घालावा. मिक्सरमध्ये बटाटा जास्त फिरवला तर त्यातले पिष्ट मोकळे होऊन सगळे सूप चिकट, ताणले जाणारे होते. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबिलीप्रमाणे लावता येते, पण नाचणीने रंग काळपट होतो, तेव्हा ती मशरूमच्या किंवा मिश्र भाज्यांच्या सूपला ठेवावी. उपवासाच्या दिवशी लाल भोपळ्याच्या सूपला शिंगाड्याचे पीठ किंवा दाण्याचा कूट घालतात. कूट उत्तम लागतो, मात्र जास्त उकळला तर तेल सुटते.

आता कॉर्नफ्लोरविषयी. माझा त्याला विरोध नाही, ते कसे काम करते हे न सांगता वापरायला लावण्याला आहे. दुकानात या नावाने मिळणारी पांढरीशुभ्र भुकटी म्हणजे मक्यातून वेगळे काढलेले निव्वळ पिष्ट असते. भाकरीचे पिवळसर मक्याचे पीठ घातले तर तसा परिणाम मिळणार नाही. अमेरिकेत थॉमस किंग्जफर्ड यांनी 1842 मध्ये मक्यातून असे पिष्ट वेगळे काढण्याची रीत बसवली तेव्हा ते प्रामुख्याने कपड्यांच्या खळीसाठी वापरले जात होते, स्वयंपाकात ते नंतर आले. या पिष्टाचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. म्हणूनच कालवलेले कॉर्नफ्लोर सूपमध्ये सोडण्याच्या क्षणी पुन्हा ढवळावे लागते, नाहीतर वरचे पाणी सूपमध्ये जाते आणि पीठ वाटीत राहते. साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे कण पाणी शोषून फुगू लागतात आणि पूर्ण दाटपणा यायला सूप जवळजवळ उकळीपर्यंत जावे लागते. कोरडी भुकटी थेट गरम सूपमध्ये टाकली तर बाहेरचे कण क्षणात फुगून चिकट कवच तयार होते आणि आत कोरडे पीठ अडकते. गुठळी म्हणतात ती हीच, आणि ती कितीही ढवळले तरी विरघळत नाही, गाळूनच काढावी लागते.

प्रमाणाचे म्हणाल तर तीन-चार जणांच्या सूपसाठी, म्हणजे सुमारे 800 मिलिलिटरसाठी, 15 मिलिलिटरचा एक सपाट चमचा कॉर्नफ्लोर पुरते. वजनात ते सुमारे 8 ग्रॅम भरते. ते तीन चमचे गार पाण्यात कालवावे, उकळत्या सूपमध्ये धार धरून ढवळत सोडावे आणि त्यानंतर दोन मिनिटे उकळू द्यावे. सगळी गडबड या दोन मिनिटांत होते. पीठ घातल्याबरोबर दाटपणा दिसत नाही, म्हणून लोक घाईने आणखी एक चमचा घालतात. तोवर पहिला चमचा फुगतो, मग दुसरा फुगतो, आणि वाढून घेऊन गार होईपर्यंत सूप जेलीसारखे होते, कारण हे पिष्ट थंड होताना आणखी घट्ट होत जाते. दाटपणा पाहायचा तो पळी बुडवून बाहेर काढून. पळीच्या पाठीवर सूपचा पातळ थर राहिला आणि त्यात बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की थांबावे. जेवणाच्या टेबलावर ते याहून दाटच लागेल. कॉर्नफ्लोर नसेल आणि मैदा वापरायचा असेल तर तो जवळजवळ दुप्पट लागतो आणि शिजवावाही जास्त वेळ लागतो.

यात तीन गोष्टींनी विघ्न येते. आंबट पदार्थ आणि उष्णता एकत्र आली तर पिष्टाचे तुकडे होऊन दाट झालेले सूप पुन्हा पातळ होऊ लागते. म्हणून लिंबाचा रस, व्हिनेगर यांसारखे पदार्थ गॅस बंद केल्यावर घालावेत आणि टोमॅटोचे सूप पीठ लावल्यावर अर्धा तास उकळत ठेवू नये. दाट केलेले सूप परत मिक्सरमधून काढले तरी फुगलेले कण फुटून ते पातळ होते, तेव्हा वाटण्याचे काम आधी आणि दाट करण्याचे नंतर. तिसरी गोष्ट लाळेची. लाळेत पिष्ट तोडणारा एन्झाइम असतो. चव घेतलेला चमचा परत पातेल्यात घातला तर कोमट सूप काही वेळाने पाणीदार होऊ शकते. उष्टा चमचा पातेल्यात घालू नये या घरच्या शिस्तीला हे एक भक्कम कारण आहे.

याच संदर्भात एक गंभीर बाब नोंदवायची आहे. पक्षाघातानंतर काही रुग्णांना पातळ पदार्थ गिळताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि त्यांना मुद्दाम दाट केलेले पेय व सूप द्यावे लागते. तो दाटपणा चवीचा नसतो, उपचाराचा असतो आणि तो गिळण्याच्या क्रियेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायचा असतो. अशा रुग्णाचे जेवण संथ चालते, प्रत्येक घासाबरोबर चमच्यावरची लाळ वाटीत जाते आणि पिष्टाने दाट केलेले सूप निम्म्या जेवणातच सैल होते. झँथन गम या डिंकासारख्या दाट करणाऱ्या पदार्थावर लाळेचा असा परिणाम होत नाही, म्हणून अनेक रुग्णांना त्याच्यावर आधारलेली दाट करणारी पावडर सुचवली जाते. घरात असा रुग्ण असेल तर पुरवणीतली पाककृती किंवा माझ्या या पत्रातला कोणताही उपाय न वापरता तज्ज्ञाने सांगितलेलेच प्रमाण पाळावे.

कॉर्नफ्लोर जेथे खरोखर योग्य आहे तेही सांगितले पाहिजे. हॉटेलात मिळणारी मंचाव, हॉट अँड सॉर किंवा स्वीट कॉर्न ही सूप मुळात पातळ, गाळलेल्या पाण्यावर आधारलेली असतात. त्यांत वाटलेला गर नसतो आणि बारीक चिरलेल्या भाज्या तरंगत राहाव्यात, सूपला चकाकी यावी यासाठी पिष्टच हवे. डाळ किंवा भात घातला तर ती गढूळ होतील. अडचण अशी झाली आहे की हॉटेलातल्या या सूपची सवय लागल्यामुळे घरच्या दुधीच्या सूपनेही तसेच चमकावे आणि चमच्यावरून संथ ओघळावे अशी आपली अपेक्षा बनली आहे. तयार पाकिटांनी तिला खतपाणी घातले. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा वाचकांनी एकदा ती यादी नीट वाचावी आणि भाजीच्या किती आधी पिष्ट, साखर आणि मीठ येते ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते, हेही ती यादी वाचताना ध्यानात असावे.

शिवाय प्रत्येक पातळ पदार्थ दाट केलाच पाहिजे असेही नाही. टोमॅटोचे सार, कटाची आमटी, सोलकढी हे पदार्थ पातळच असायला हवेत, आणि साराला पीठ लावले तर ते सार राहत नाही. नारळाचे दूध घातलेल्या साराला तर फक्त वाफ येऊ द्यायची असते, खळखळून उकळले की ते फुटते. मटणाच्या पायांचे सूप तासन्‌तास मंद आचेवर शिजवल्याने हाडांतून आणि शिरांतून उतरलेल्या जिलेटिनमुळे आपोआप अंगचे होते. गार झाल्यावर ते थिजते यावरूनच त्याचा कस कळतो. त्यात चमचाभर पीठ टाकणे म्हणजे इतक्या वेळेच्या कष्टांवर पाणी फिरवणे आहे.

आता आपल्या पुरवणीकडून अपेक्षा. पाककृती मागवताना लेखकांना पाण्याचे माप मिलिलिटरमध्ये आणि पिठाचे ग्रॅममध्ये द्यायला सांगावे, कारण आमटीच्या वाटीत शंभर मिलिलिटर मावते आणि डाळ मोजण्याच्या वाटीत दीडशे ते दोनशे. दोन वाट्या पाणी घाला या सूचनेत दोनशे मिलिलिटरचा फरक सहज पडतो आणि सूप बिघडायला तेवढा पुरेसा आहे. भाजी कुकरमध्ये शिजवायची की पातेल्यात, हे स्पष्ट लिहावे. चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा की 15 मिलिलिटरचा, हे पानाच्या वर एकदाच चौकटीत छापले तरी भागेल. आणि दाट करण्यासाठी काय घालायचे ते त्या त्या सूपप्रमाणे सुचवावे : टोमॅटोला मसूर, दुधीला मूग, पालकाला भाजलेले डाळीचे पीठ, मक्याला वाटलेला मका. जागा कमी पडत असेल तर पानभर छापलेल्या छायाचित्राची उंची दोन बोटे कमी करावी. पुरवणीच्या पुढील अंकांत लाल भोपळा आणि ब्रोकोलीची सूप येणार असल्याची जाहिरात मी पाहिली आहे; निदान त्या दोन पाककृतींपासून ही सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे. भोपळ्याच्या सूपला तर त्याचा स्वतःचाच गर पुरतो, त्यात काहीही लावावे लागत नाही. फक्त तो तळाला लागू नये म्हणून शेवटची पाच मिनिटे आच मंद ठेवून सतत ढवळावे, एवढी ओळ त्या पाककृतीत अवश्य घ्यावी.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा